दरपत्रकामागचा खर्च : कार्यालयीन दूरध्वनी यंत्रणेची खरेदी

४.१ प्रास्ताविक

मागील घटकांमध्ये आपण दरपत्रके मागविणारे पत्र, तुलनात्मक तक्ता आणि मंजुरीसाठी सादर करावयाची टिपणी या तीन लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात या तिन्हींचा उपयोग एका प्रत्यक्ष खरेदीच्या संदर्भात करावयाचा आहे. ही खरेदी आहे कार्यालयातील दूरध्वनी यंत्रणेची.

आपल्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. कोणी शाळेच्या कार्यालयात आहे, कोणी पतसंस्थेत, कोणी रुग्णालयाच्या स्वागतकक्षात. 'नव्या इमारतीत फोनचे काय करायचे ते बघा आणि टिपणी ठेवा,' असा आदेश अशा ठिकाणी बहुधा एखाद्या लिपिकालाच मिळतो. त्याला वीजतंत्राचे शिक्षण नसते. तीन दरपत्रके मात्र त्याच्यापुढे येतात आणि त्यांतील एकाची शिफारस त्याला करावी लागते.

येथे एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी लिपिक असताना अशीच तीन दरपत्रके आली आणि सर्वांत कमी रकमेचे मंजूर झाले. टिपणी माझ्याच हातची होती. दुसऱ्या वर्षी वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि यंत्रणेतील बाहेरच्या लाइनी घेणारे कार्ड जळाले. देखभाल करार चालू होता. पण त्यात 'नैसर्गिक कारणांनी होणारी हानी वगळून' असे पाच शब्द होते. नव्या कार्डाच्या खर्चास मंजुरी मिळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि ते नेमके प्रवेशाचे दिवस होते. एका लाइनीला साधा फोन थेट जोडून आम्ही कसेबसे काम चालविले. पुढे लेखापरीक्षकांनी विचारले, की हा खर्च आधी लक्षात कसा आला नाही? माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी दरपत्रकाचे पहिले पान वाचले होते. दुसरे वाचलेच नव्हते.

दूरध्वनी यंत्रणेची किंमत दरपत्रकात एका आकड्यात दिसते. तिचा खर्च मात्र पाच-सात वर्षे चालू राहतो. तो पाहावयाचा कसा आणि टिपणीत मांडावयाचा कसा, हा या घटकाचा विषय आहे.

४.२ यंत्रणा म्हणजे काय

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथे २८ जानेवारी १८८२ रोजी दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्या काळी केंद्रात बसलेली व्यक्ती हाताने तारा जोडून एका ग्राहकाचे दुसऱ्याशी बोलणे घडवून आणीत असे. आज आपल्या कार्यालयात भिंतीवर टांगलेली जी पेटी असते, ती अशाच केंद्राची लहान, स्वयंचलित आवृत्ती होय. तिला ईपीएबीएक्स म्हणतात. (फोनची तबकडी जाऊन किती वर्षे झाली, तरी मराठी माणूस अजून 'फोन फिरवतो'. यंत्रे बदलतात, क्रियापदे मागे राहतात.)

या पेटीला दोन बाजू असतात. एकीकडून दूरसंचार कंपनीच्या बाहेरच्या लाइनी येतात. दुसरीकडून प्रत्येक टेबलाकडे अंतर्गत जोडण्या, म्हणजे एक्स्टेन्शने जातात. बाजारात 'चार बाय सोळा' असे म्हणतात तेव्हा चार बाहेरच्या लाइनी आणि सोळा एक्स्टेन्शने असा त्याचा अर्थ असतो. टेबले वीस असली तरी वीसही जण एकाच वेळी बाहेर बोलत नाहीत. थोड्या लाइनी अनेकांनी वाटून घ्याव्यात आणि आपापसांत फुकट बोलावे, एवढाच या यंत्रणेचा मूळ हेतू आहे.

४.३ लाइनी किती घ्याव्यात

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु प्रत्येक लाइनीचे भाडे महिन्यामागून महिने भरावे लागते, आणि लाइन कमी पडली तर ग्राहक परत जातो. म्हणून खर्चाचा निम्मा विचार येथेच होतो.

याचे गणित डेन्मार्कचे अभियंता आणि गणितज्ञ एरलांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. ते कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करीत होते आणि दूरध्वनीच्या वर्दळीचे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते. समजा, आपल्या कार्यालयात सर्वाधिक गर्दीच्या एका तासात येणारे-जाणारे मिळून ४० कॉल होतात आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटे चालतो. म्हणजे एकूण १२० मिनिटांचे बोलणे झाले. एका तासाची ६० मिनिटे, म्हणून ही वर्दळ २ एरलांग. यावरून कोणालाही वाटेल, की दोन लाइनी पुरेशा आहेत. येथेच फसगत होते. कॉल काही रांगेत शिस्तीने येत नाहीत. कधी चार एकदम येतात, कधी दहा मिनिटे शांतता असते. एरलांग यांच्या सूत्राने हिशेब केला, तर दोन लाइनी असताना शंभरांपैकी ४० कॉलना लाइन मोकळी मिळत नाही. तीन लाइनी घेतल्या तर २१, चार घेतल्या तर साधारण १०, पाच घेतल्या तर ४ आणि सहा घेतल्या तर जेमतेम १ कॉल परत जातो.

आता या आकड्यांकडे खरेदी करणाऱ्याच्या नजरेने पाहा. तिसरी लाइन घेतली, की परत जाणारे १९ कॉल वाचतात. सहावी घेतली, की तीनच वाचतात. भाडे मात्र दोहोंचे सारखेच. कोठे थांबावयाचे हे यंत्र विकणारा ठरवू शकत नाही. ते कामाच्या स्वरूपावर ठरते. रुग्णालयाला शंभरांत दहा कॉल परत जाणे परवडणार नाही. एखाद्या गोदामाच्या कार्यालयाला ते सहज परवडेल. म्हणून दरपत्रके मागविण्यापूर्वी आठवडाभर एक साधी वही ठेवावी आणि गर्दीच्या तासातील कॉल मोजावेत. या वहीला एक पैसाही लागत नाही.

४.४ अनावर्ती खर्च

एकदाच करावयाच्या खर्चास कार्यालयीन भाषेत अनावर्ती खर्च म्हणतात. दरपत्रकात ठळक अक्षरांत असते ती मुख्य संचाची किंमत. तिच्याखाली टेबलावरचे फोन, केबल, मांडणीचे काम आणि बॅटरी या बाबी येतात; कधी त्या येतच नाहीत आणि काम सुरू झाल्यावर 'ते वेगळे' असे कळते.

केबलविषयी विशेष सावध असावे. दरपत्रकात बहुधा मीटरमागे दर देऊन पुढे 'प्रत्यक्ष मोजमापानुसार' असे लिहिलेले असते. पेटीपासून टेबलापर्यंतचे अंतर आपण डोळ्यांनी सरळ रेषेत मोजतो. केबल मात्र भिंतीच्या कडेने, जिन्याखालून आणि छतावरून फिरत जाते. अंदाजे तीनशे मीटर धरलेली केबल पाचशे मीटर भरणे ही नवलाची गोष्ट नाही. विक्रेत्याच्या माणसाकडून जागेची पाहणी करून घ्यावी आणि कमाल लांबी दरपत्रकातच लिहून घ्यावी.

दुसरी बाब क्षमतेची. अशा यंत्रणेचा खर्च सरळ चढत नाही. तो जिन्यासारखा पायरी-पायरीने चढतो. सोळा एक्स्टेन्शनांची पेटी भरली आणि सतराव्या टेबलाला फोन हवा असेल, तर त्या एका फोनसाठी संपूर्ण नवे कार्ड बसवावे लागते. कार्डासाठी जागाच नसेल, तर पेटीच बदलावी लागते. म्हणून आजची गरज नव्हे, तर पुढील चार-पाच वर्षांतील टेबले मोजावीत. मात्र विक्रेत्याच्या आग्रहाखातर दुप्पट क्षमताही घेऊ नये.

तिसरी बाब फोन संचांची आहे. साधा फोन बहुतेक ईपीएबीएक्स यंत्रणांवर चालतो. स्वागतकक्षासाठी जो अनेक बटणांचा डिजिटल फोन दिला जातो, तो मात्र बहुधा त्याच कंपनीच्या पेटीवर चालतो. पुढे पेटी बदलली, की तो फोन निरुपयोगी होतो. इंटरनेटच्या तारेवर चालणारे आयपी फोन असतील, तर त्यांना वीज पुरविणारा खास स्विच किंवा प्रत्येक फोनला वेगळा अडॅप्टर लागतो. शिवाय काही कंपन्या प्रत्येक आयपी एक्स्टेन्शनमागे परवाना शुल्क आकारतात. कॉल ध्वनिमुद्रण, बिलांची नोंद ठेवणारी संगणकप्रणाली, निरोप ठेवण्याची सोय यांचे परवानेही पुष्कळदा स्वतंत्र असतात. विक्रेत्याने प्रात्यक्षिकात दाखविलेली प्रत्येक सोय दरपत्रकात समाविष्ट आहे असे समजू नये.

विजेचा खर्च तर हमखास विसरला जातो. जुन्या तांब्याच्या लाइनीला दूरध्वनी केंद्रातूनच सुमारे ४८ व्होल्टची वीज मिळत असे. त्यामुळे गावात दिवे गेले तरी फोन चालू राही. आपली पेटी मात्र आपल्याच विजेवर चालते आणि फायबरने आलेल्या लाइनीचे उपकरणही आपल्याच विजेवर चालते. ज्या गावात दुपारी दोन तास वीज जाते, तेथे बॅटरी ही चैन नसून यंत्रणेचाच भाग आहे. त्याचबरोबर योग्य अर्थिंग आणि लाइनींवर वीजसंरक्षक बसविणे आवश्यक असते. माझ्या अनुभवातील जळालेले कार्ड आपल्या स्मरणात असेलच.

शेवटी कर. दूरध्वनी यंत्रणेवर आणि दूरसंचार सेवेवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. नोंदणीकृत व्यापारी संस्थेला हा कर बहुधा वजावटीने परत मिळतो. नोंदणी नसलेल्या संस्थेला, किंवा शाळेसारख्या करमुक्त सेवा देणाऱ्या संस्थेला तो मिळत नाही. तिच्या दृष्टीने कर हा किंमतीचाच भाग आहे. तुलनात्मक तक्ता करताना एक दरपत्रक करासह आणि दुसरे 'कर अतिरिक्त' असे असेल, तर दोन्ही एकाच पातळीवर आणल्याशिवाय तुलना करता येणार नाही.

४.५ आवर्ती खर्च

लाइनींचे भाडे, देखभाल करार, बॅटरीची बदली हे आवर्ती, म्हणजे पुन:पुन्हा येणारे खर्च होत. देखभाल करार दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात सुटे भाग करारातच येतात. दुसऱ्यात फक्त तंत्रज्ञाची भेट येते आणि भागांचे पैसे वेगळे. दोहोंच्या रकमेत मोठा फरक असतो आणि स्वस्त करार हा बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. तंत्रज्ञ किती तासांत येईल, दुरुस्ती होईपर्यंत पर्यायी संच मिळेल काय, हे दोन प्रश्न रकमेइतकेच महत्त्वाचे आहेत.

आणखी एक धोका सांगावयास हवा, कारण तो कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो. यंत्रणा बसविताना तिचा मूळ पासवर्ड बदलला नाही, तर बाहेरची व्यक्ती तिच्यात शिरून रात्रीच्या वेळी आपल्या लाइनींवरून परदेशी कॉल करू शकते. जगभर असे प्रकार घडतात आणि बिल लाइनीच्या मालकाच्या नावे निघते. परदेशी कॉलची सोय बंद ठेवण्यासाठी दूरसंचार कंपनीस एक पत्र द्यावे आणि यंत्रणेचा पासवर्ड विक्रेत्याकडून लेखी ताब्यात घ्यावा. तो ताब्यात नसेल, तर एक्स्टेन्शनचा क्रमांक बदलण्यासारख्या क्षुल्लक कामासाठीही त्याच विक्रेत्याला पैसे देऊन बोलवावे लागते.

४.६ पाच वर्षांचा हिशेब

आता एक उदाहरण सोडवू. यातील दर केवळ पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत. आपल्या गावातील दर वेगळे असतील.

वीस टेबलांच्या एका पतसंस्थेसाठी मुख्य संच ४५,००० रुपये, वीस साधे फोन प्रत्येकी ९०० प्रमाणे १८,००० रुपये, केबल व मांडणी २२,००० रुपये आणि बॅटरी ९,००० रुपये असे दरपत्रक आले. बेरीज ९४,००० रुपये. त्यावर १८ टक्के कर १६,९२० रुपये. एकूण १,१०,९२० रुपये. पहिले वर्ष हमीचे. पुढील चार वर्षे देखभाल करार दरसाल ८,००० रुपये, करासह ९,४४०; म्हणजे ३७,७६० रुपये. चार लाइनींचे भाडे दरमहा प्रत्येकी ५०० रुपये, करासह चारही लाइनींचे मिळून २,३६०. साठ महिन्यांचे १,४१,६०० रुपये. मधल्या काळात एकदा बॅटरी बदलली, तिचे करासह १०,६२० रुपये. पाच वर्षांचा एकूण खर्च झाला ३,००,९०० रुपये.

दरपत्रकात ठळक अक्षरांत होते ४५,०००. ही रक्कम करासह ५३,१०० होते, म्हणजे एकूण खर्चाच्या सहाव्या हिश्शाहून किंचित अधिक. ज्या आकड्यावर आपण सर्वाधिक घासाघीस करतो, तो एवढाच. मुख्य संचावर पाच हजारांची सूट मिळविण्यापेक्षा एक अनावश्यक लाइन कमी करणे अधिक लाभाचे आहे. एका लाइनीचे पाच वर्षांचे भाडे या हिशेबात ३५,४०० रुपये येते.

४.७ भाड्याची यंत्रणा

अलीकडे पेटी न घेता इंटरनेटवरून चालणारी क्लाउड यंत्रणा मासिक शुल्काने मिळते. 'उपकरणांचा खर्च शून्य' हे तिचे आकर्षण असते. समजा, माणशी दरमहा ३५० रुपये शुल्क आहे. वीस जणांचे करासह दरमहा ८,२६० आणि पाच वर्षांचे ४,९५,६०० रुपये होतात. परंतु वीसपैकी फक्त सहा जणांनाच बाहेर बोलावे लागत असेल, तर हीच रक्कम १,४८,६८० वर येते. आयपी फोन घेतल्यास त्यांची किंमत आणि इंटरनेट बंद पडल्यास दुसऱ्या जोडणीचा खर्च यांत मिळवावा लागेल. थोडक्यात, 'क्लाउड स्वस्त की पेटी स्वस्त' या प्रश्नाला माणसे मोजल्याखेरीज उत्तर नाही. ज्या संस्थेच्या पाच-सहा गावांत शाखा आहेत, तिने क्लाउडचा विचार अवश्य करावा. सर्व टेबले एकाच मजल्यावर असलेल्या कार्यालयाने घाई करू नये, असे माझे मत आहे.

यंत्रणा बदलताना दूरध्वनी क्रमांकही बदलणार असेल, तर लेटरहेड, पावतीपुस्तके, रबरी शिक्के आणि फलक यांचा खर्चही हिशेबात घ्यावा. जुना क्रमांक पाठ असलेल्या सभासदांचे काय, याचा हिशेब रुपयांत करता येत नाही. टिपणीत त्याची नोंद मात्र करता येते.

४.८ भाषा आणि खर्च

आपण भाषेचे विद्यार्थी आहोत, म्हणून दरपत्रकातील काही शब्द जरा थांबून पाहू. 'लागू असल्यास', 'वगळून', 'अतिरिक्त', 'शर्तींच्या अधीन राहून' हे शब्द वाक्यात नम्रपणे शेवटी बसलेले असतात आणि खर्च तेच ठरवितात. 'मांडणी विनामूल्य (केबल वगळून)' या वाक्यात कंसाबाहेरचा भाग जाहिरात आहे. कंसातला भाग करार आहे.

एखाद्या वस्तूला काय म्हणावयाचे, यालाही पैशांत किंमत असते. फेडरल बँकेच्या एका प्रकरणात केरळ उच्च न्यायालयापुढे प्रश्न होता, की ईपीएबीएक्सला संगणक म्हणता येईल काय? त्या वेळी आयकरात संगणकावर ६० टक्के घसारा मिळत होता आणि सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर १५ टक्के. न्यायालयाने ईपीएबीएक्स हा संगणक नव्हे असे ठरविले.

टिपणीतील शिफारशीचा परिच्छेद कसा असावा, याचा नमुना पुढीलप्रमाणे :

'प्राप्त तीन दरपत्रकांपैकी अ. क्र. २ ची प्रारंभिक रक्कम सर्वांत कमी नाही. तथापि, त्यात केबलची कमाल लांबी निश्चित केलेली असून देखभाल करारात सुटे भाग व विजेमुळे होणारी हानी समाविष्ट आहे. सोबतच्या तक्त्यानुसार पाच वर्षांचा एकूण खर्च अ. क्र. २ चा सर्वांत कमी येतो. गर्दीच्या तासातील कॉलच्या नोंदी (परिशिष्ट अ) पाहता पाच लाइनी पुरेशा आहेत. सबब, अ. क्र. २ चे दरपत्रक स्वीकारण्यास मान्यता असावी, ही विनंती.'

या परिच्छेदात 'स्वस्त' हा शब्द कोठेही नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. 'प्रारंभिक रक्कम' आणि 'एकूण खर्च' हे दोन शब्दप्रयोग जाणीवपूर्वक वेगळे ठेवले आहेत. उद्या लेखापरीक्षकांनी 'सर्वांत कमी दर का नाकारला?' असे विचारले, तर त्याचे उत्तर या टिपणीतच आहे.

स्वाध्याय

१. आपल्या कार्यालयात किंवा परिचयाच्या एखाद्या कार्यालयात गर्दीच्या एका तासातील कॉल तीन दिवस मोजा आणि वर्दळ किती एरलांग येते ते काढा.

२. घटक ४.६ मधील उदाहरणात लाइनी चारऐवजी पाच धरल्या, तर पाच वर्षांचा एकूण खर्च किती होईल?

३. घरातील किंवा कार्यालयातील कोणत्याही यंत्राचा देखभाल करार मिळवा. त्यात 'वगळून' किंवा त्या अर्थाचा शब्द किती वेळा आला आहे आणि प्रत्येक वेळी खर्च कोणावर पडतो, ते आपल्या शब्दांत लिहा.